पाळी चुकण्याआधीचे दिवस

डॉ. लुसी विल्स १९२८ साली इंग्लंडहून मुंबईत आल्या. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात जीवघेणा रक्तक्षय का होतो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी या बायकांच्या ताटात डोकावून पाहिलं. फळं, भाज्या, प्रथिनं, सगळ्याचीच वानवा होती. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर मात्र रक्त सुधारलं. १९३१ साली हे प्रसिद्ध झालं, आणि दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तेच द्रव्य वेगळं काढलं गेलं: फॉलिक आम्ल.

त्याचं दुसरं काम त्याहून मोठं ठरलं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. नळी नीट मिटली नाही, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत जन्मभराचं, कधी जिवावर बेतणारं व्यंग राहतं. असं बाळ आधी झालेल्या स्त्रियांना गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक आम्लाची गोळी दिली, तेव्हा तो धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटला. ब्रिटनच्या पुढाकाराने झालेली ही चाचणी १९९१ची.

आपल्याकडे मात्र जपणूक सुरू होते ती गोड बातमी कळल्यावर. मूल हवं असं ठरताच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल सुरू करावं आणि गरोदरपणाचे पहिले तीन महिने चालू ठेवावं. आधीच्या बाळाला असा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सचं औषध चालू असेल, तर मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

चौथ्या महिन्यापासून आशाताई देतात ती लोहाची गोळी रक्तासाठी. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी आढळलं होतं. ही गोळी चहाबरोबर घेतली तर लोह फारसं अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर चांगलं लागतं.

आणि मिश्री! तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू सकाळी हिरड्यांना लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ विचारलं, तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. पण निकोटीन रक्तात जातं, बाळाचं वजन घटतं. म्हणून तपासणीच्या खोलीत मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला हवं, आणि तेही लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत.