प्राणहितेकाठचं व्याकरण

दक्षिण आशियातल्या भाषांच्या रचनेवर दरवर्षी परिषदा भरतात आणि मराठीच्या व्याकरणावर तिथे हिरिरीने वाद होतात, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. १९२८ साली लाहोरला स्थापन झालेली लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आली. तिची वार्षिक परिषद देशातल्या निरनिराळ्या संस्थांत होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९७९ मध्ये ‘साला’ ही परिषद सुरू झाली. २०११ मध्ये अ‍ॅमहर्स्टला सुरू झालेल्या ‘फसाल’चा भर आकारिक भाषाविज्ञानावर, म्हणजे भाषेचे नियम काटेकोर मांडून ते कुठे मोडतात हे तपासण्यावर आहे.

अशा परिषदेसाठी अभ्यासक दोनेक पानांचा सारांश पाठवतो, तो नाव झाकून तपासला जातो. सगळी भिस्त उदाहरणांवर. भाषकाला जे वाक्य खटकेल त्याच्या आधी तारा काढायचा आणि ते का खटकलं ते शोधायचं. ‘रामने शामला सांगितलं की आपण उद्या येणार नाही’ हे वाक्य घ्या. ह्यातला ‘आपण’ रामकडे बोट दाखवतो, एकट्या शामकडे कधीच नाही. अशा आत्मवाचक सर्वनामाने आपल्याच उपवाक्यातल्या नामाकडे बोट दाखवावं, ही चॉम्स्कींच्या १९८१ च्या सिद्धान्ताची अपेक्षा. मराठी ती पाळत नाही. काशी वली यांनी मराठी सर्वनामांवर केलेलं काम म्हणूनच जगभर वाचलं गेलं.

आता गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीत या. आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया कानावर पडतात. प्राणहिता नदी ओलांडली की तेलंगण. लिंगाचा एकच प्रश्न घेतला तरी तीन भाषांत तीन उत्तरं मिळतात. मराठीत तीन लिंगं. गोंडीत पुरुष एका गटात. बाई, गाय आणि दगड दुसऱ्या गटात, एकवचनात आणि अनेकवचनातही. तेलुगूत एकवचनी बाईसाठी, आदरार्थी रूपं सोडली तर, क्रियापद वस्तूसारखंच चालतं. पण अनेक बाया आल्या की त्या पुरुषांच्या गटात जातात. वंशावळीने गोंडी तेलुगूच्या जवळची, तरी ह्या बाबतीत ती यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कोलामीसारखी वागते. अशा मुलखात घरी गोंडी, बाजारात तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यात कोणता नियम कुठे लागतो? एवढा मोठा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वर्गात बसून सुटणार नाही.

ध्वनींचंही तसंच. मिठाला गोंडीच्या बोलींत कुठे ‘सोवर’, कुठे ‘होवर’, कुठे नुसतं ‘ओवर’ म्हणतात. वायव्येकडे ‘स’, मधल्या पट्ट्यात ‘ह’, आग्नेयेकडे काहीच नाही. हा बदल एकदम न होता शब्दागणिक पसरत गेला, हे भद्रिराजू कृष्णमूर्तींनी १९९८ मध्ये दाखवलं. त्यामागे बरो आणि भट्टाचार्य यांचा १९६० चा तौलनिक शब्दसंग्रह होता. कुणीतरी गावोगावचे शब्द टिपले म्हणून सिद्धान्त उभा राहिला.

म्हणूनच परिषदांमधली हिंदी, बांग्ला, तमिळची गर्दी मला खुपते. २०११ च्या जनगणनेत गोंडीचे भाषक तीस लाखांच्या आसपास होते, तरी आठव्या अनुसूचीत ती नाही. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड आणि डेक्कन कॉलेजचं मराठी बोलींचं सर्वेक्षण ही आपल्याकडची भरीव कामं. पण माडियाची वाक्यरचना, तिची प्रश्नार्थक आणि नकारार्थी वाक्यं ह्यांवर आकारिक अंगाने झालेलं काम अगदी तुटपुंजं आहे. आणि जिथे झालं, तिथे माडिया माणूस बहुतेक ‘माहितीदार’ म्हणून तळटीपेत उरतो. हे मला मान्य नाही. वाक्य खटकतं की नाही हे ज्याला कळतं, त्यालाच ते का खटकतं हे शोधायचं शिक्षण मिळायला हवं.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथे दरवर्षी दोन दिवसांचं चर्चासत्र भरवावं, सारांश मराठीत आणि गोंडीतही घ्यावेत, आणि अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या विद्यार्थ्यांना महिनाभर आधी ध्वनिलेखन व वाक्यविश्लेषण शिकवावं. डेक्कन कॉलेजने शिक्षक पाठवावेत. आणि वाचकहो, तुमच्या ओळखीत गोंडी-माडिया बोलणारं, भाषेत गोडी असलेलं मूल असेल, तर त्याला भाषाविज्ञानाच्या वर्गापर्यंत पोचवा.