डोळे मिटून वाचलेले पान

परीक्षेचे वेळापत्रक पूर्वी फक्त शाळेच्या फळ्यावर लागे. आता ते संकेतस्थळावरही लागते. तुम्ही ते डोळ्यांनी वाचता. पण तुमच्याच वर्गातला एखादा दृष्टिहीन मित्र ते कसे वाचत असेल बरे?

त्याच्या संगणकात पडदावाचक नावाची आज्ञावली असते. ती पानावरचा मजकूर मोठ्याने म्हणून दाखवते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोघा दृष्टिहीन तरुणांनी तयार केलेला 'एनव्हीडीए' हा असाच एक पडदावाचक. त्याचे काम २००६ मध्ये सुरू झाले. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो.

पडदावाचक पडद्याकडे पाहत असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही! तो पानाच्या पोटातील संकेत वाचतो. म्हणून वेळापत्रकाचा नुसता फोटो काढून तो पानावर चिकटवला, तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. फार तर तो फोटोच्या फाइलचे नाव म्हणतो, 'आयएमजी शून्य शून्य चार दोन'. भूगोलाचा पेपर सोमवारचा मंगळवारी गेला, हे त्या मित्राला कळणार कसे?

मराठीच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. खरे तर ती गंमत नव्हे, डोकेदुखीच आहे. संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. १९९१ साली आलेल्या युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. 'राम' हा शब्द तेथे २३५२, २३६६, २३५० असा साठवला जातो. 'र', काना आणि 'म'. पण 'कृतिदेव'सारख्या जुन्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असतात. तेथे 'राम' दिसतो खरा, पण आत असतात १०६, १०७, १०१, म्हणजे इंग्रजी जे, के आणि ई! तुमचे डोळे फसतात आणि राम वाचतात. पडदावाचक फसत नाही. तो प्रामाणिकपणे इंग्रजी अक्षरे म्हणत बसतो. एका शब्दाची ही कथा, मग अख्ख्या धड्याचे काय होत असेल?

उपाय अवघड नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. आकृतीला पर्यायी मजकूर जोडावा. तो पडद्यावर दिसत नाही, पण वाचकाला ऐकू येतो. मात्र 'हृदयाचे चित्र' एवढेच लिहून भागत नाही. 'हृदयाचा उभा छेद, वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका' असे लिहिले तर अभ्यास होतो.

अडचण फक्त दृष्टिहीनांचीच असते असे नाही. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याला चित्रफितीखाली लिहिलेले संवाद हवेत. ज्याची नजर अधू आहे त्याला पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे दिसत नाहीत. काळ्या-पांढऱ्यातील तफावत २१ : १ इतकी असते, नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी ती निदान ४.५ : १ असावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आणि ज्याचा हात थरथरतो त्याला माउस नेमका नेता येत नाही. त्याची सारी भिस्त कळफलकावर असते.

हे शेवटचे तुम्ही आजच तपासू शकता. माउस बाजूला ठेवा. शाळेचे संकेतस्थळ उघडा आणि 'टॅब' ही कळ पुन्हा पुन्हा दाबा. प्रत्येक दाबाला एकेक दुवा चौकटीत येत जाईल. सूचनांच्या दुव्यापर्यंत पोचायला किती वेळा कळ दाबावी लागली, ते मोजा. चौकट मध्येच दिसेनाशी झाली, तर कोठे झाली तेही लिहून ठेवा. मग तो कागद तुमच्या संगणकाच्या शिक्षकांना दाखवा. पानाच्या आरंभी 'मुख्य मजकुराकडे जा' असा एक दुवा घातला, तर तुमचा आकडा बराच कमी होऊ शकतो.