जुना उतारा रद्दीत घालू नका



गाव नमुना सात म्हणजे जमिनीचा हक्क कोणाचा, नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कोणते. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. पूर्वी तो तलाठ्याच्या हातचा असे, आता संगणकात आहे. मग ट्रंकेतले जुने उतारे कशाला ठेवायचे, असे कोणी म्हणेल. ठेवायचेच!

डिजिटल सहीचा उतारा २०१८ पासून मिळू लागला. पंधरा रुपये भरले की घरबसल्या निघतो. त्यावर शाईची सही नाही, शिक्का नाही, म्हणून कित्येकांना तो कच्चा वाटतो. वास्तविक शाईची सही खरी की खोटी, हे नुसत्या डोळ्यांना कुठे कळते? या उताऱ्यावर सोळा अंकी क्रमांक छापलेला असतो. तो डिजिटल सातबाराच्या संकेतस्थळावर घातला, की सरकारी दप्तरातला उतारा समोर येतो. हातातल्या कागदाशी तो ओळीने ताडून पाहावा. जमीन घेणाऱ्याने हे केल्यावाचून विसार देऊ नये. संगणकावर फुकट दिसणारा उतारा मात्र केवळ माहितीपुरता. तो कचेरीत चालत नाही.

पण संगणकही माणसांनीच भरला ना! हस्तलिखितावरून उतरवताना कुठे नाव गळाले, कुठे क्षेत्राचा आकडा फिरला. म्हणून २०१७ साली चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा नि ज्याचा त्याने कान देऊन ऐकायचा. (रेडिओवाल्यांना ही रीत पसंत पडावी.) अजूनही लेखनचूक आढळली, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तिथे पुरावा म्हणून जुना हस्तलिखित उतारा आणि फेरफाराची नक्कल उपयोगी पडते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा-कृष्णेचे पाणी शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या घरांत शिरले; जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. असल्या पाण्यात कागदाचा लगदा होतो, संगणकातली नोंद भिजत नाही. पण वीज गेली, मोबाईल मुका झाला, की प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेला कागदच वाचता येतो.

गुरुजींनी मुलांना घरचा जुना नि नवा उतारा शेजारी ठेवून वाचायला लावावे. जुन्यावर एकर-गुंठे असतील, नव्यावर हेक्टर-आर. एका एकराचे सुमारे ०.४० हेक्टर होतात. तो फरक मापाचा, चुकीचा नव्हे. नाव मात्र अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे.