एटीव्ही इंजिनाच्या सिलिंडर हेडचे पोर्टिंग : निर्णयाचा शास्त्रीय विचार

सारांश : इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी सिलिंडर हेडमधील हवेचे मार्ग घासून मोठे करणे, अर्थात पोर्टिंग करणे, ही प्रचलित पद्धत आहे. हे काम एकदा झाले की पूर्ववत करता येत नाही. म्हणून ते करून घ्यावे की नाही, हा निर्णय कोणत्या निकषांवर घ्यावा याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका प्रत्यक्ष इंजिनाच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : सिलिंडर हेड, पोर्टिंग, आयतनी कार्यक्षमता, प्रवाह गुणांक, एटीव्ही.

प्रस्तावना

रस्ता सोडून वाळू, चिखल, शेत व जंगल अशा कोणत्याही भूभागावर चालणाऱ्या, मोटारसायकलसारखे हँडल व बैठक असलेल्या वाहनास 'ऑल टेरेन व्हेइकल' किंवा एटीव्ही असे म्हणतात. होंडा कंपनीने १९७० मध्ये 'यूएस ९०' हे तीन चाकांचे वाहन अमेरिकेच्या बाजारात आणले. १९८२ मध्ये सुझुकीने चार चाकांचे वाहन आणले. पुढे शेतीकामाची वाहने आणि शर्यतीची वाहने असे दोन प्रवाह वेगळे झाले. दुसऱ्या प्रवाहातील वाहनांच्या मालकांपुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो : इंजिनाचे हेड पोर्ट करून घ्यावे का?

आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांना एटीव्हीचा परिचय आहे तो प्रामुख्याने 'बाहा एसएईइंडिया' या विद्यार्थी स्पर्धेमुळे. २००७ पासून मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे या स्पर्धेस प्रारंभ झाला. तेथे ठरवून दिलेले इंजिन आहे तसेच वापरण्याचे बंधन असते. पोर्टिंगला त्यात वाव नाही. तथापि द्रवगतिकी, यंत्रशास्त्र आणि खर्च-लाभ विचार हे तिन्ही विषय एका लहानशा निर्णयात कसे एकत्र येतात, हे दाखविण्यास हा प्रश्न अत्यंत उपयुक्त आहे.

उद्दिष्टे

१. पोर्टिंग या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. पोर्टिंगचा लाभ कोणत्या गतीला मिळतो व कोणत्या गतीला मिळत नाही, हे गणिताने दाखविणे.
३. निर्णय घेण्याचा एक तर्कसंगत क्रम सुचविणे.

पोर्टिंगचे स्वरूप

चार-स्ट्रोक इंजिनाच्या हेडमध्ये दोन प्रकारचे मार्ग असतात. इनलेट पोर्टमधून हवा व इंधन यांचे मिश्रण आत येते आणि एक्झॉस्ट पोर्टमधून जळालेले वायू बाहेर जातात. हेड ओतीव ॲल्युमिनियमचे असते. ओतकामात गाभा किंचित सरकतो, मार्गाच्या भिंती खडबडीत राहतात, मॅनिफोल्डच्या जोडापाशी पायरी उरते. कुशल कारागीर फिरत्या हत्याराने हे दोष काढतो, व्हॉल्व्हच्या गाईडभोवतालचा उंचवटा निमुळता करतो आणि मार्गाच्या तळाशी असलेले आतील वळण सौम्य करतो. या वळणावर हवेचा प्रवाह भिंतीपासून सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून कारागिराचे खरे कसब तेथेच दिसते.

आरशासारखी चकाकी म्हणजे उत्तम पोर्टिंग, हा समज मात्र योग्य नाही. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात इंधनाचा काही भाग इनलेट पोर्टच्या भिंतीवर पातळ थराच्या रूपाने साचतो. किंचित खरखरीत पृष्ठभाग हा थर पुन्हा हवेत मिसळण्यास साहाय्य करतो. एक्झॉस्ट पोर्टमध्ये गुळगुळीतपणाचा उपयोग आहे, कारण तेथे काजळी कमी धरते.

इंजिनाच्या श्वासाचे गणित

उदाहरण म्हणून १९९९ मध्ये आलेल्या होंडा टीआरएक्स ४०० ईएक्स या एटीव्हीचे इंजिन घेऊ. ते एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे व चार व्हॉल्व्हचे आहे. सिलिंडरचा व्यास ८५ मिमी, स्ट्रोक ७० मिमी आणि आयतन ३९७ घन सेंमी आहे. दर मिनिटास ७५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.५ मीटर होतो. पिस्टन वरून खाली येण्यास केवळ ४ सहस्रांश सेकंद लागतात. मुख्यतः एवढ्याच अवधीत सिलिंडर भरावयाचा असतो. तो प्रत्यक्षात किती भरला याचे प्रमाण म्हणजे आयतनी कार्यक्षमता होय.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक चार्ल्स फायेट टेलर यांनी अंतर्ज्वलन इंजिनावरील आपल्या ग्रंथात (पहिला खंड, १९६०) यासाठी एक निर्देशांक मांडला. पिस्टनच्या क्षेत्रफळाला इनलेट व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाने भागावे. आलेल्या संख्येस पिस्टनच्या सरासरी वेगाने गुणावे. नंतर त्या गुणाकारास सरासरी प्रवाह गुणांक आणि ध्वनीचा वेग यांच्या गुणाकाराने भागावे. हा निर्देशांक साधारण ०.६ च्या पुढे गेला की आयतनी कार्यक्षमता झपाट्याने घसरू लागते.

आपल्या उदाहरणात ३० मिमी व्यासाचे दोन इनलेट व्हॉल्व्ह, ०.३५ हा सरासरी प्रवाह गुणांक आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर असे गृहीत धरू. ७५०० फेऱ्यांना निर्देशांक ०.५९ येतो, तर ४५०० फेऱ्यांना तो ०.३५ च्या आसपास असतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. मध्यम गतीला हेडची अडचण जवळजवळ भासतच नाही. ती भासू लागते ७६०० फेऱ्यांच्या आगेमागे.

आता पोर्टिंगमुळे प्रवाह गुणांक ०.३५ वरून ०.३९ झाला असे मानू. ०.६ ची मर्यादा आता सुमारे ८५०० फेऱ्यांवर जाते. लाभ खरा आहे, पण तो घेण्यासाठी इंजिन त्या गतीला फिरवावे लागते. पिस्टनवरील जडत्वबल गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ७६०० वरून ८५०० वर जाताना कनेक्टिंग रॉड व बेअरिंगवरील हा भार सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवरही तोच ताण येतो. पोर्टिंगचे देयक कारागिराला एकदा दिले की संपते. वाढीव गतीचे देयक मात्र इंजिन हप्त्याहप्त्याने वसूल करीत राहते.

व्हॉल्व्ह, सीट आणि पोर्ट

हेडमधील अडचण नेहमी पोर्टमध्येच असते असे नाही. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा त्याच्या कडेभोवती निर्माण होणारी फट हीच प्रथम अरुंद जागा असते. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या एक चतुर्थांशाइतका उचलला जाईपर्यंत या फटीचे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळापेक्षा कमी राहते. ३० मिमी व्हॉल्व्हसाठी ही उंची ७.५ मिमी होय. उघडताना आणि मिटताना असा दोनदा व्हॉल्व्ह या कमी उंचीतून जातो. त्यामुळे सीटवर सामान्यतः ३०, ४५ व ६० अंशांचे तीन कोन अचूक कापणे आणि सीटखालील काही मिलिमीटर भाग सफाईने जुळविणे यातून मोठा लाभ मिळतो. त्यासाठी सबंध मार्ग मोठा करावा लागत नाही. हे काम स्वस्त असते व त्यातील धोकाही अल्प असतो.

मोठा पोर्ट म्हणजे चांगला पोर्ट नव्हे

पोर्टचे क्षेत्रफळ १० चौ. सेंमी धरल्यास ३००० फेऱ्यांना त्यातील हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४० मीटर येतो. क्षेत्रफळ १२ चौ. सेंमी केल्यास तो ३३ मीटरवर येतो. वेगाचा वर्ग घेतला तर हवेच्या प्रत्येक किलोग्रॅममागील गतिज ऊर्जा जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते.

ही घट महत्त्वाची आहे. इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन तळाशी पोहोचल्यानंतरही काही काळ उघडा असतो. वेगाने येणारा हवेचा स्तंभ आपल्या गतीच्या जोरावर तेव्हाही आत शिरत राहतो. वेग कमी असेल तर वर चढणारा पिस्टन मिश्रण मागे ढकलतो. शिवाय मंद प्रवाहामुळे इंधन नीट मिसळत नाही आणि ज्वलनकक्षातील खळबळही कमी होते. ज्वलनासाठी या खळबळीचे महत्त्व ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले होते. अतिमोठ्या पोर्टचे वाहन उच्च गतीला जोमदार वाटते, पण चिखलातून वा चढावर हळू निघताना निर्जीव वाटते, त्याचे कारण हेच.

मापनाची मर्यादा

पोर्टिंगचे मोजमाप फ्लो बेंच या यंत्रावर होते. अमेरिकेत पाण्याच्या २८ इंच उंचीइतका, म्हणजे सुमारे ७ किलोपास्कल, दाबाचा फरक ठेवून मिनिटाला किती घनफूट हवा गेली हे पाहण्याची प्रथा आहे. परंतु बेंचवरील प्रवाह स्थिर असतो, तर इंजिनातील प्रवाह सेकंदाला अनेकदा सुरू होतो व थांबतो. म्हणून बेंचचे आकडे एकाच यंत्रावर, काम करण्यापूर्वी व नंतर, असे तुलनेसाठीच वापरावेत. केवळ सर्वोच्च प्रवाहाचा आकडा अपुरा असतो. कमी व मध्यम उंचीवरील आकडे आणि पोर्टचे आकारमान किती वाढले, ही माहितीही मागावी. प्रवाह वाढला आणि आकारमान फारसे वाढले नाही, तर काम उत्तम झाले असे समजावे.

निर्णयाचा क्रम

१. इंजिनाचे आरोग्य : प्रथम कॉम्प्रेशन व गळती तपासावी. रिंगा झिजलेल्या इंजिनाचे हेड पोर्ट करणे निरर्थक आहे. व्हॉल्व्हचे गाईड झिजले असतील तर ते आधी बदलावेत, कारण सीट गाईडच्या आधारेच कापली जाते.

२. अन्य अडथळे : एअर फिल्टरची पेटी, कार्ब्युरेटर व सायलेन्सर हे हेडच्या मागेपुढे असलेले अडथळे आहेत. ते तसेच ठेवल्यास हेडमधील सुधारणा झाकली जाते.

३. वापर : वाहन बहुतांश वेळ कोणत्या गतीला चालते? जंगलवाटा व कामाच्या वापरात मध्यम गती महत्त्वाची. मोटोक्रॉस व वाळूच्या टेकड्यांवर उच्च गती.

४. सुसंगती : कॅमशाफ्ट, स्प्रिंग व कॉम्प्रेशन यांचा विचार पोर्टिंगसोबतच व्हावा. हवा वाढली की कार्ब्युरेटरचे जेट बदलावेच लागतात. अन्यथा मिश्रण पातळ होऊन हवेने थंड होणारे इंजिन अधिकच तापते.

५. धोका : भिंत प्रमाणाबाहेर पातळ झाली तर हेड वेल्डिंगशिवाय वाचत नाही, कधी वेल्डिंगनेही नाही. शक्य असल्यास जुने दुसरे हेड घेऊन त्यावर काम करावे व मूळ हेड जपून ठेवावे.

६. कायदा : अमेरिकेत २००६ च्या नमुन्यांपासून एटीव्हींना उत्सर्जन मानके लागू झाली. त्यानंतरच्या वाहनांत बदल करण्यापूर्वी नियम पाहणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की पोर्टिंग ही शक्ती निर्माण करणारी क्रिया नसून शक्तीची जागा उच्च गतीकडे सरकविणारी क्रिया आहे. ज्या स्वाराला ती जागा हवी आहे आणि ज्याच्या इंजिनाचे इतर भाग तेथवर टिकणारे आहेत, त्याने ते अवश्य करून घ्यावे. इतरांनी, विशेषतः झिजलेल्या व्हॉल्व्हमुळे हेड उघडावेच लागत असेल तेव्हा, सीटचे अचूक काम, सीटखालील सफाई आणि जोडांची जुळणी एवढ्यावर थांबावे. धातू काढणे काही तासांचे काम आहे. तो परत घालता येत नाही. म्हणूनच कारागिराच्या दारी जाण्यापूर्वी मालकाने इंजिन कोणत्या गतीला वापरावयाचे आहे, या प्रश्नाचे उत्तर स्वतःशी निश्चित केलेले असावे.