नरक्या
नरक्या : (अमृता, क. दुर्वासने मर, लॅ. नोथॅपोडायटिस निम्मोनिआना, कुल–आयकॅसिनेसी). सु. ३ ते ८ मी. उंचीचा हा लहान वृक्ष सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित वनांत, विशेषतः महाबळेश्वर, कोयना, राधानगरी व आंबोली या भागांत आढळतो. श्रीलंका व ईशान्य भारत येथेही त्याचा प्रसार आहे. पाने साधी, मोठी, अंडाकृती असून फांद्यांच्या टोकांशी गर्दीने येतात. फुले लहान, पिवळसर व दुर्गंधी असून पावसाळ्यात येतात. फळ अश्मगर्भी, एकबीजी व पिकल्यावर जांभळे होते. जॉन ग्रॅहॅम यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत याचे वर्णन केले. जातिवाचक नाव मुंबईचे वनस्पति-अभ्यासक निम्मो यांच्यावरून पडले आहे. जुन्या ग्रंथांत हा वृक्ष मॅपिया फीटिडा या नावाने आढळतो.

रासायनिक घटक : १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसीन हे कर्करोगविरोधी अल्कलॉइड मिळविले. वाणी यांचा जन्म नंदुरबारचा व शिक्षण मुंबई विद्यापीठातील होय. पुढे मुंबईच्या गोरेगाव उपनगरातील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी व एन्. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये हेच अल्कलॉइड नरक्यात असल्याचे दाखविले. त्याचे प्रमाण चिनी वृक्षापेक्षा पुष्कळ अधिक होते. त्याबरोबर ९-मेथॉक्सी कॅम्प्टोथेसीन व नंतर मॅपिसीन हीही अल्कलॉइडे मिळाली.

औषधी महत्त्व : कॅम्प्टोथेसिनाच्या सोडियम लवणाच्या चाचण्या १९७० नंतरच्या काही वर्षांत मूत्राशय व अस्थिमज्जा यांवरील विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. १९८५ मध्ये त्याच्या क्रियेचा उलगडा झाला. पेशी विभागताना डीएनए रेणूचा पीळ सोडविण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे एंझाइम त्याचा एक धागा तात्पुरता तोडते. कॅम्प्टोथेसीन तो पुन्हा जुळू देत नाही व पेशी मरते. या रेणूत बदल करून तयार केलेल्या टोपोटिकॅन (अंडकोशाचा कर्करोग) व इरिनोटिकॅन (मोठ्या आतड्याचा कर्करोग) या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मात्र वनस्पतीचा कच्चा अर्क विषारी असल्याने घरगुती उपचारासाठी तो वापरणे धोक्याचे आहे.

संरक्षण : वाळलेल्या लाकडात कॅम्प्टोथेसीन सु. ०·१ टक्का धरले, तरी १ किग्रॅ. द्रव्यासाठी सु. १,००० किग्रॅ. लाकूड लागते. खोड व मुळे हेच मुख्य स्रोत असल्याने मागणी वाढताच सह्याद्रीत चोरटी तोड झाली व वृक्षांची संख्या घटली. बुंधा राखल्यास नवे धुमारे फुटतात; मुळे खणल्यास झाड नष्ट होते. २००५ मध्ये नरक्याच्या ऊतकांत राहणाऱ्या एका कवकापासून कॅम्प्टोथेसीन मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु कवकांपासून मिळणारे प्रमाण अल्प असते. त्यामुळे बियांपासून रोपे तयार करून लागवड करणे हाच या वृक्षाच्या रक्षणाचा व औषधाच्या पुरवठ्याचा भरवशाचा मार्ग होय.