राक्षसाला पकडलं म्हणजे वार सोपा होतो का?

रत्नागिरीत कबड्डी पाहिली असेल, तर एकाने चढाईपटूचा पाय धरला की बाकीचे कसे तुटून पडतात, हे माहीत असेलच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्येही तसंच वाटतं. मित्राने राक्षसाला पकडलं, आता आपला वार सोपा!

पण २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नुसत्या पकडीने राक्षसाचा वेग शून्य होतो. वार करणाऱ्याला ॲडव्हान्टेज, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायची सवलत, मिळत नाही. २०२४ च्या सुधारित नियमांतही हेच आहे.

मग करायचं काय? पकड न सोडता त्याला ढकलून आडवं पाडा. उठायला वेग लागतो आणि तो तर शून्य! आता पाच फुटांच्या आतून वार करणाऱ्यांना ॲडव्हान्टेज. लांबून बाण मारणाऱ्याचं मात्र उलट नुकसान, त्याला लहान आकडा घ्यावा लागतो. म्हणून पाडण्याआधी गटात तिरंदाज किती आहेत, ते मोजा.