ग्रीन बेची तिसरी फळी

२२ जानेवारी २०२२ ची रात्र. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे गावी, लॅम्बो फील्डवर, बर्फ भुरभुरत होता. गुणफलक १०-१० आणि घड्याळातले शेवटचे काही क्षण उरलेले. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा किकर रॉबी गोल्ड ४५ यार्डांवरून फील्ड गोल मारायला उभा राहिला. ती किक अडवण्यासाठी यजमान पॅकर्सचे अकरा खेळाडू मैदानात असायला हवे होते. होते दहाच. किक खांबांमधून गेली आणि सामना १३-१० असा हातचा गेला. साखळीत तेरा सामने जिंकून पहिल्या मानांकनाने बाद फेरीत आलेल्या संघाचा हंगाम घरच्या प्रेक्षकांसमोर आटोपला.

त्या रात्री पाहुण्यांच्या आक्रमणाला एकदाही टचडाउन करता आला नव्हता. पॅकर्सच्या बचावफळीने आपलं काम चोख केलं होतं. सामना घालवला तो तिसऱ्याच फळीने. मध्यंतराच्या तोंडावर पॅकर्सचा किकर मेसन क्रॉस्बी याचा फील्ड गोल अडवला गेला. दुसऱ्या अर्धाची सुरुवातच डीबो सॅम्युएलने किकऑफ ४५ यार्ड मागे आणून केली. चौथ्या सत्रात, आघाडी १०-३ असताना, जॉर्डन विलिसने पॅकर्सचा पंट हाताने अडवला, चेंडू उसळून पडला आणि टालानोआ हुफांगाने तो उचलून टचडाउन केला. वर शेवटच्या किकला माणूस कमी.

याच रात्रीमुळे पुढच्या महिन्यात पॅकर्सने रिच बिसाशिया या मुरलेल्या प्रशिक्षकाला स्पेशल टीम्सच्या कामावर आणलं. पण ही नेमणूक समजून घ्यायची तर आणखी सात वर्षं मागे जावं लागतं, कारण अशी रात्र ग्रीन बेने पहिल्यांदा पाहिली नव्हती.

आधी खेळाबद्दल थोडं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पुढे सरकणारी एक फळी आणि तिला अडवणारी दुसरी. प्रसिद्धी आणि पैसा या दोघींच्या वाट्याला. चेंडू लाथेने मारायचा प्रसंग आला, म्हणजे किकऑफ, पंट किंवा फील्ड गोल, की मैदानात उतरतात त्या स्पेशल टीम्स. त्यात किकर, पंटर आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा लाँग स्नॅपर एवढे तिघेच काय ते खास त्या कामासाठी ठेवलेले. बाकी सगळी भरती इतर विभागांतल्या राखीव मंडळींमधून: तिसऱ्या क्रमांकाचा टाइट एंड, नवखा लाइनबॅकर, अजून संधीची वाट पाहणारा कॉर्नरबॅक. ५३ जणांच्या ताफ्यातले ४८ सामन्याच्या दिवशी तयार असतात आणि त्यातूनच किक मारण्याची, अडवण्याची, परतवण्याची अशी सहा निरनिराळी पथकं उभी करायची. मुख्य फळीतला एक खेळाडू जखमी झाला की त्याच्या जागी राखीव वर सरकतो आणि इथे भोक पडतं. सरावाचा वेळही इतरांचं झाल्यावर उरेल तेवढा. यष्टिरक्षकासारखं हे काम: झेल घेतलेले कुणी मोजत नाही, सुटलेला मात्र वर्षानुवर्षं आठवतो.

या कामासाठी स्वतंत्र प्रशिक्षक हवा ही कल्पनाही तशी उशिराची. १९६९ साली लॉस एंजेलिस रॅम्सच्या जॉर्ज ॲलन यांनी डिक व्हर्मील यांना त्यासाठी घेतलं आणि त्याच वर्षी फिलाडेल्फिया ईगल्सकडे मार्व्ह लीव्ही हेच काम करू लागले. दोघेही पुढे नावाजलेले मुख्य प्रशिक्षक झाले. बिल बेलिचिक यांनी न्यू यॉर्क जायंट्समध्ये सुरुवात केली ती याच खुर्चीवरून. जॉन हार्बो यांनी ईगल्समध्ये नऊ हंगाम स्पेशल टीम्स सांभाळल्या, नंतर बाल्टिमोरचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सुपर बोल जिंकला. त्या सामन्यात दुसऱ्या अर्धाची पहिलीच किक जेकोबी जोन्सने १०८ यार्ड मागे आणून टचडाउन केला होता. सबंध संघाशी रोज बोलणारा, आक्रमण आणि बचाव दोन्हींतली माणसं ओळखणारा असा मुख्य प्रशिक्षकाखेरीज हाच एक प्रशिक्षक असतो. तरी मुख्य प्रशिक्षक निवडताना संघमालकांचं लक्ष त्याच्याकडे क्वचितच जातं.

ग्रीन बेला तर या फळीचं मोल चांगलं ठाऊक असायला हवं होतं. जानेवारी १९९७ मधला सुपर बोल पॅकर्सने न्यू इंग्लंडविरुद्ध ३५-२१ असा जिंकला, तो डेझमंड हॉवर्डच्या जोरावर. त्याने एक किकऑफ ९९ यार्ड परतवली आणि सामन्याचा मानकरी ठरला. केवळ स्पेशल टीम्समधल्या कामगिरीवर तो मान मिळवणारा तो पहिलाच. त्या फळीचे प्रशिक्षक होते नोलन क्रॉमवेल. जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, एका धनिकाऐवजी लाखो भागधारकांच्या मालकीचा संघ आणि हा असा विजय. तिथल्या लोकांना तो क्षण अजून तोंडपाठ आहे.

मग १८ जानेवारी २०१५. सिएटलमध्ये सीहॉक्सविरुद्ध उपान्त्य सामना, पॅकर्स १६-० ने पुढे. सीहॉक्स फील्ड गोल मारणार असं दिसत असताना चेंडू धरून बसलेला त्यांचा पंटर जॉन रायन उठला, पळाला आणि गॅरी गिलियमकडे चेंडू फेकून टचडाउन मिळवून गेला. पॅकर्सची माणसं किक अडवायच्या भरात होती. दोनेक मिनिटं उरली असताना आघाडी १९-१४ वर आली आणि सीहॉक्सने आखूड किक मारली. ब्रँडन बॉस्टिकने समोरच्याला अडवायचं आणि मागून जॉर्डी नेल्सनने चेंडू झेलायचा, असं ठरलेलं. बॉस्टिकने स्वतःच उडी घेतली, चेंडू त्याच्या हातांतून निसटला आणि सीहॉक्सच्या क्रिस मॅथ्यूजच्या हाती पडला. जादा वेळेत सामना २८-२२ असा गेला. त्याच दिवशी क्रॉस्बीने पाचही फील्ड गोल अचूक मारले होते, हे मात्र कुणी लक्षात ठेवलं नाही.

बॉस्टिकला संघाबाहेर काढलं. प्रशिक्षक शॉन स्लोकम यांनाही. स्लोकम २००९ पासून त्या जागी होते, त्याआधी तिथलेच साहाय्यक. त्यांची जागा कुणाला दिली? त्यांचेच साहाय्यक रॉन झूक यांना. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये झूक यांचं नाव मोठं होतं, फ्लोरिडा आणि इलिनॉय विद्यापीठांचे ते मुख्य प्रशिक्षक राहिले होते. पण एवढ्या मोठ्या पराभवानंतर बाहेर शोध घेण्याऐवजी शेजारच्या खोलीतला माणूस पुढे करण्यात आला, हे विसरता येत नाही.

झूक यांच्या अखेरच्या, २०१८ च्या हंगामात डेट्रॉइटला क्रॉस्बीचे चार फील्ड गोल चुकले. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सविरुद्ध पॅकर्स दोन गुणांनी मागे असताना शेवटच्या दोन मिनिटांत टाय माँटगोमेरीने अंत्यक्षेत्रात पडलेली किकऑफ तिथेच गुडघा टेकून थांबवण्याऐवजी बाहेर पळवली आणि चेंडू घालवला. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स बाजूला उभा राहून बघत राहिला, चेंडू त्याच्या हाती आलाच नाही. २९-२७. दोन दिवसांत माँटगोमेरी बाल्टिमोरला रवाना झाला. खेळाडू बदलणं सोपं असतं, फळी बांधणं कठीण.

२०१९ मध्ये मॅट लाफ्लर नवे मुख्य प्रशिक्षक झाले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठातून शॉन मेनेंगा आले. दोन हंगाम टिकले. त्यांच्या जागी पुन्हा घरातलाच साहाय्यक, मॉरिस ड्रेटन. म्हणजे स्लोकम, झूक आणि ड्रेटन हे तिघे आतून बढती मिळालेले आणि चौथे महाविद्यालयातून आणलेले. २०२१ च्या हंगामात सिनसिनाटीला क्रॉस्बीचे तीन फील्ड गोल चुकले, शिकागोच्या जकीम ग्रँटने ९७ यार्डांचा पंट परतवून टचडाउन केला, स्नॅपर मोसमाच्या मध्यातच बदलावा लागला. रॉजर्सच्या खेळावर हे सगळं झाकलं जात होतं. वर्षभराच्या क्रमवारीत स्पेशल टीम्स लीगमध्ये तळाला होत्या, म्हणजे बत्तिसाव्या. मग जानेवारीची ती रात्र.

बिसाशिया आले ते वेगळ्या वजनाने. टॅम्पा बे, सॅन डिएगो, डॅलस, रेडर्स असा वीस हंगामांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये जॉन ग्रुडन यांना रेडर्समधून पायउतार व्हावं लागलं, तेव्हा हंगामी मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी विस्कटलेल्या संघाला बाद फेरीत नेलं होतं. तरी रेडर्सने ती खुर्ची दुसऱ्यालाच दिली आणि पॅकर्सचं नशीब उघडलं. माझ्या मते त्यांच्याइतकंच महत्त्वाचं होतं ते त्यांच्याबरोबर आलेलं. कीशॉन निक्सन आणि डॅलिन लेविट हे त्यांचेच रेडर्समधले खेळाडू घेतले, पंटर नवा आणला आणि ताफा ठरवताना या फळीचा आधी विचार होऊ लागला. पुढे साहाय्यक मुख्य प्रशिक्षकपदही त्यांना मिळालं.

जादू झाली का? नाही. पहिल्याच हंगामात जेट्सने पॅकर्सच्या घरच्या मैदानावर एक फील्ड गोल आणि एक पंट अडवला, पंटवर तर टचडाउनही केला. पण निक्सनने १ जानेवारी २०२३ ला मिनेसोटाविरुद्ध १०५ यार्डांची किकऑफ परतवली आणि सलग दोन हंगाम तो लीगमधला सर्वोत्तम किक परतवणारा ठरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकागोत शेवटच्या क्षणी बेअर्सचा फील्ड गोल कार्ल ब्रुक्सने अडवला आणि पॅकर्स २०-१९ ने जिंकले. ज्या पद्धतीने हरायची सवय लागली होती, त्याच पद्धतीने हा विजय मिळाला.

किकरचं दुखणं मात्र तसंच राहिलं. क्रॉस्बीला निरोप देऊन नवखा अँडर्स कार्लसन आणला. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा फोर्टीनाइनर्सविरुद्धच, २१-१७ अशी आघाडी असताना, त्याची ४१ यार्डांची किक चुकली आणि सामना २४-२१ असा गेला. पुढचा ब्रेडन नार्व्हेसन ऑक्टोबरपर्यंतच टिकला, मग ब्रँडन मॅकमॅनस आला. जानेवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियात सामन्याची पहिलीच किकऑफ परतवताना खुद्द निक्सनच्या हातून चेंडू सुटला आणि बाद फेरीचा तो सामना २२-१० असा गेला. किकर निवडण्यात बिसाशियांचा शब्द किती चालला हे बाहेरून सांगणं अवघड, पण जबाबदारी त्यांच्या खात्यात पडते, आणि पडायलाही हवी.

तरीही ही नेमणूक बरोबरच होती. चूक होती ती तारखेची. सिएटलहून परतलेल्या विमानातून उतरल्यावर, जानेवारी २०१५ मध्येच, पॅकर्सने अशा तोलाचा माणूस बाहेरून आणायला हवा होता. तो त्यांनी सात वर्षं आणि आणखी तीन प्रशिक्षक खर्ची घातल्यावर आणला.